वीस गुणांची सवलत, आणि तिच्यासोबतचा शेरा

दहावीला गणित व विज्ञानात उत्तीर्ण होण्यासाठी ३५ ऐवजी २० गुण पुरेसे मानावेत; मात्र अशा विद्यार्थ्याला पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा, ही महाराष्ट्राच्या अभ्यासक्रम आराखड्यातील तरतूद २०२४ मध्ये चर्चेत आली. नापासीमुळे मुले शिक्षणाबाहेर फेकली जाऊ नयेत, हा तिचा हेतू. हेतूविषयी मला शंका नाही, शेऱ्याविषयी आहे.

पाचवीत अपूर्णांक कच्चे राहिले की सातवीत गुणोत्तर अडते, नववीत बीजगणित, आणि महाविद्यालयात कलनशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थी ‘मंद’ ठरतो. शहरात ही उणीव खासगी शिकवणीने भरून निघते. तिचे शुल्क परवडणारी घरे बहुतांशी कोणत्या जातींची, हे आपण जाणतो, बोलत नाही. गडचिरोलीतील एखाद्या आश्रमशाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर तेथील मुलीच्या गुणपत्रिकेवर शेरा मारणारे शासन आणि ती जागा न भरणारे शासन एकच असेल. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गांचे शिक्षण चालते, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी अमेरिकेत बॉब मोझेस यांनी ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ सुरू केला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी लढलेल्या या कार्यकर्त्याने बीजगणित हा नागरी हक्काचा प्रश्न मानला. परीक्षा सोपी करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांना मुलांना बीजगणित शिकवायचे होते.

(दिल्लीतले जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे. कोपर्निकस दहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. पुढील शिक्षणाचा भार बिशप झालेल्या मामांनी उचलला. ‘उपजत बुद्धिमत्ता’ हा शब्द कानावर आला की मला ते मामा आठवतात.)

अशा मामाचे काम संस्थाही करू शकते. प्रवेश परीक्षेत सवलतीच्या गुणांपर्यंतही न पोहोचलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आयआयटींमध्ये एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी शिकवले जाते. तो पूर्ण केल्यावर पुन्हा प्रवेश परीक्षा न देता पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळतो. तेथील जागा मोजक्या आहेत. पण २० ते ३४ गुणांमधल्या मुलांसाठी राज्याने शेऱ्याऐवजी असेच एक वर्ष द्यावे, वसतिगृहासह आणि गणिताच्या पूर्णवेळ शिक्षकासह.