तबकड्यांचें नवें यंत्र

गेल्या दिवाळींत आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं एक नवें यंत्र आलें. आणणारा आमचा पुतण्या, पैसेही त्याचेच. दिसावयास ती एक साधी काळी पेटी. पण कामें तिचीं तीन. सीडीच्या तबकड्या वाजविणें हें पहिलें, पेनड्राइव्हवर सांठविलेलीं गाणीं वाजविणें हें दुसरें, आणि इंटरनेटवरून येणारें संगीत ऐकविणें हें तिसरें. असें यंत्र घ्यावें असा विचार ज्या वाचकांच्या मनांत असेल, त्यांस आमचा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देत आहों.

यंत्र येतांच घरांत वाद सुरू झाला. पुतण्याचें म्हणणें असें कीं, जगांतलें सारें गाणें आतां इंटरनेटवर मिळतें. तेव्हां कपाटांतल्या दोनशें तबकड्या काढून टाकाव्या व कपाट मोकळें करावें. आमचे थोरले बंधू दादा यांस हें मुळींच पटेना. त्यांपैकीं निम्म्या तबकड्या त्यांनीं कर्वे रस्त्यावरील अलूरकर म्यूझिक हाऊसमधून एकएक करून निवडून आणलेल्या. तें दुकान आतां राहिलें नाहीं. दादा एवढेंच म्हणाले, “अरे, रद्दी कशाला म्हणायचें तें आधीं ठरव, मग कपाटाला हात लाव.” वाद तसाच ठेवून आम्ही जोडणीस लागलों.

पहिली अडचण भिंतीची. इंटरनेटचा राउटर माडीवर, यंत्र माजघरांत, आणि मध्यें जुन्या वाड्याची जाड भिंत. वायफायच्या लहरी अशा भिंतींतून जातांना क्षीण होतात; त्यांतही ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींपेक्षां अधिक. गाणें दर दोन मिनिटांनीं अडखळूं लागलें. अखेर राउटरपासून यंत्रापर्यंत ईथरनेटची तार ओढली आणि तक्रार मिटली. ही तार १०० मीटरपर्यंत सहज चालते. जुन्या वाड्यांतून राहणाऱ्यांनीं तारेचा विचार आधींच करावा.

दुसरी अडचण अ‍ॅम्प्लिफायरची. त्याच्या पाठीमागें पुष्कळ भोंकें असतात. त्यांपैकीं ‘फोनो’ असें लिहिलेल्या जागीं नवें यंत्र कधींही जोडूं नये. ती जागा सुईच्या रेकॉर्डप्लेअरची. सुईपासून निघणारा विद्युत्-संदेश अतिशय मंद असतो. म्हणून तेथें तो पुष्कळ पटींनीं वाढवितात, शिवाय खर्ज उचलून धरतात व वरचे स्वर खालीं आणतात. नव्या यंत्राचा संदेश मुळांतच जोरकस. तो तेथें दिल्यास आवाज फाटतो. ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ असें लिहिलेली जागा घ्यावी आणि प्रथम आवाजाची कळ अगदीं खालीं ठेवावी.

आतां थोडा हिशेब. सीडीवर प्रत्येक सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीचें माप नोंदलेलें असतें, तेंही डाव्या व उजव्या बाजूचें वेगवेगळें. एका तासाच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. ‘फ्लॅक’ नांवाच्या पद्धतीनें तेंच गाणें एकही अंक न गमावतां बहुधा निम्म्या-साठ टक्के जागेंत मावतें. त्यामुळें आमच्या दोनशें तबकड्या १२८ गिगाबाइटच्या बोटभर पेनड्राइव्हमध्यें बसल्या. इंटरनेटवरून सेकंदास ३२० किलोबिट या मापानें येणारें गाणें तासास अवघे १४४ मेगाबाइट खातें. तें कांहीं सूक्ष्म अंश गाळूनच बनविलेलें असतें. मात्र हा फरक सर्वांच्या कानांस जाणवतोच असें नाहीं.

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांनीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. १९१३ साली पुण्यांत आर्य संगीत विद्यालय काढणाऱ्या अब्दुल करीम खांसाहेबांना ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर राग तीन-साडेतीन मिनिटांतच मांडावा लागे. आतां ती मर्यादा उरली नाहीं. पण विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होतो, नेमक्या त्या सांध्यावर यंत्र क्षणभर थांबतें व रंगाचा बेरंग होतो. ‘गॅपलेस’ ही सोय असल्यास ती चालू करावी. दुसरी गोष्ट नांवांची. संगणक गायकाचें नांव आपण होऊन शोधून आणतो. राग, ताल व साथीदार यांची मात्र गल्लत करतो. तीं नांवें हातानेंच घालावीं. दादांनीं हें काम आनंदानें पत्करलें. दोन महिने त्यांच्या दुपारा त्यांतच गेल्या.

आमच्या मातोश्रींना नभोवाणीचें फार वेड. पुण्याचें आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालें आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊं लागलें. त्याच्या ५६ गीतांपैकीं एकही त्यांनीं चुकविलें नव्हतें. आज आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे कार्यक्रम ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर ऐकतां येतात. तें लावून दाखवितांना वहिनींना एकाएकीं आठवण झाली. मातोश्री पहांटे ओव्या म्हणत, त्या १९९२ साली आम्हीं कॅसेटवर घेतल्या होत्या. पुढें २००४ मध्यें एका दुकानांतून त्यांची सीडी करून घेतली आणि कॅसेट टाकून दिली. ती सीडी कपाटाच्या तळाशीं सांपडली. मोठ्या उत्सुकतेनें यंत्रांत घातली, तों ‘तबकडी नाहीं’ अशी अक्षरें उमटलीं!

कारण सांगण्यासारखें आहे. कारखान्यांतल्या सीडीवर खळगे ठशानें उठविलेले असतात, ते सहसा बिघडत नाहींत. घरीं किंवा दुकानांत लिहिलेल्या सीडीवर मात्र रंगाचा एक पातळ थर असतो आणि लिहिलेलें सारें त्या थरांत असतें. ऊन, उष्मा व दमट हवा यांनीं तो थर कालांतरानें निकामी होतो. मग वाचणाऱ्या किरणास तेथें कांहीं दिसेनासें होतें.

पुतण्यानें तबकडी मऊ फडक्यानें मध्यापासून कडेकडे सरळ पुसली. गोल फिरवून पुसूं नये. मग जुन्या संगणकांत घालून ती अगदीं मंद गतीनें वाचावयास लावली. वाचक त्याच जागेवर पुनःपुन्हां प्रयत्न करी. रात्रीं दोन वाजेपर्यंत तो जागा होता. आठांपैकीं सात ओव्या उतरल्या; आठवी निम्म्यावर तुटली, ती कायमची. सकाळीं त्यानें त्या सर्वांना ऐकविल्या. आठवी तुटली तेव्हां कोणीच बोलेना. मग वहिनींनीं स्वैपाकघरांतूनच ती पुढें म्हटली. वीस वर्षें मातोश्रींच्या शेजारीं काम करतां करतां ती त्यांच्या कानांवरून गेली होती. दादांच्या नातीनें ती फोनवर घेतली. दोन्ही आवाज आम्हीं एकत्र जोडले नाहींत. वेगळे ठेवून प्रत्येकाखालीं कोणाचा तें लिहिलें.

कपाटाचा वाद त्यानंतर निघाला नाहीं. इंटरनेटवरचें संगीत सोयीचें खरें, पण महिन्याचे पैसे थांबले कीं तें थांबतें. आणि सेवेचा मालकाशीं झालेला करार संपला कीं कालचें गाणें आज नाहींसें होतें. शिवाय जें कोणीं तेथें ठेवलेंच नाहीं, तें तेथें मिळावें कोठून?

यासाठीं वाचकांस विनंती ही कीं, यंत्र घ्यावयाचें तेव्हां घ्यावें. पण घरांत कोणाच्या आवाजाची कॅसेट किंवा लिहिलेली सीडी असेल, तर ती आधीं उतरवून घ्यावी. तिच्या दोन प्रती कराव्या व एक दुसऱ्या गांवीं आप्तांकडे ठेवावी. मूळ तबकडी टाकूं नये. आमची कॅसेट आज असती, तर आठवी ओवीही असती.