पुराव्याचे ओझे कोणी वाहावे?

पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आग लागली, तेव्हा सैन्यसेवेची किंमत वर्धा जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिली. अशा स्फोटात जायबंदी झालेल्याचे अपंगत्व सेवेमुळेच आले, याविषयी वाद होत नाही. त्या दुखापतीला दिवस असतो, ठिकाण असते, साक्षीदार असतात. सैनिक स्त्रीच्या गर्भाशयात किंवा बीजांडकोशात वाढणाऱ्या कर्करोगाला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच तिच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा प्रश्न बिकट होतो.

लष्करी परिचर्या सेवेत स्त्रिया फार पूर्वीपासून आहेत. भूदलाच्या वैद्यकीयेतर शाखांत त्या अधिकारी म्हणून १९९२ पासून येऊ लागल्या. त्या पहिल्या तुकड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे, आणि हे आजार बहुधा उतारवयाकडे झुकतानाच प्रकट होतात. प्रश्न उद्याचा नव्हे, आजचा आहे.

अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले अथवा बळावलेले असावे आणि किमान २० टक्के असावे, अशी मूळ अट आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूच्या संसर्गाने होतो, मग त्यात सैन्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. या रोगाची पूर्वावस्था तपासणीत कित्येक वर्षे आधी कळू शकते. दूरच्या ठाण्यावर ती तपासणी झालीच नसेल, तर रोग सेवेने दिला नसला तरी बळावू दिला, असे म्हणावे लागेल.

सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह खटल्यात २०१३ साली तत्त्व सांगितले: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळे आला असे मानावे, तसे नसल्यास ते शासनाने सिद्ध करावे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने, उघड्यावर जाळलेल्या कचऱ्याच्या विषारी धुरात काम केलेल्या सैनिकांसाठी प्रजननसंस्थेच्या कर्करोगांबाबत असेच गृहीत मान्य केले.

यात दया नाही, साधे अर्थशास्त्र आहे. नेमणुकांच्या आणि तपासण्यांच्या नोंदी शासनाच्या कपाटात असतात. ज्याच्याजवळ माहिती, त्यानेच पुराव्याचे ओझे वाहावे. शिवाय जो खर्च एका कुटुंबाला उद्ध्वस्त करतो, तो राष्ट्राच्या तिजोरीला जाणवतही नाही. २०२३ मध्ये या निवृत्तिवेतनाचे नियम नव्याने झाले आहेत. त्यांच्या अंमलबजावणीत स्त्रियांच्या कर्करोगांचा स्पष्ट विचार व्हावा, सेवाकाळात नियमित तपासणी व्हावी आणि सेवामुक्तीच्या दिवशी त्या नोंदींची प्रत तिच्या हाती पडावी. सैन्याची दारे स्त्रीला उघडणाऱ्या राष्ट्राने तिच्या शरीराचाही हिशेब ठेवला पाहिजे.