फुकुईची रेल्वे बंद पडली, तेव्हा...

जपानची रेल्वे म्हटली की आपल्याकडे प्रथम आठवते ती बुलेट ट्रेन. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जपानचे तंत्रज्ञान आणि जपानचेच कर्ज घेण्यात आल्यामुळे ही ओळख अधिकच पक्की झाली आहे. परंतु या वेगवान गाडीच्या झगमगाटाआड जपानमध्ये आणखी एक रेल्वे आहे. एक-दोन डब्यांची, एकेरी मार्गावरून भातशेतीच्या कडेने धावणारी आणि शाळकरी मुले व वृद्ध यांच्यावरच प्रामुख्याने चालणारी. तिचे अनेक मार्ग लहान खासगी कंपन्यांच्या हाती असून त्याच कंपन्या बससेवाही चालवतात. लोकसंख्या घटत असताना अशा सेवा कोणी आणि कोणाच्या पैशाने चालवायच्या, हा आज जपानपुढील एक बिकट प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना तेथील अभ्यासक वारंवार एका घटनेकडे वळतात. ती म्हणजे फुकुई प्रांतात २००१ ते २००३ या काळात बंद पडलेली रेल्वे.

फुकुई हा जपान समुद्राच्या किनाऱ्यावरचा, हिवाळ्यात भरपूर बर्फ पडणारा प्रांत. तेथे रेल्वे चालवणारी 'केइफुकु' ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. क्योतो आणि फुकुई या दोन नावांतील अक्षरे जोडून तिचे नाव बनले असले, तरी या दोन शहरांतील तिचे लोहमार्ग एकमेकांना कधीच जोडलेले नव्हते. त्यांना एकत्र आणणारा दुवा होता विजेचा. क्योतोच्या एका वीज कंपनीने दोन्हीकडे रेल्वे चालवली होती. युद्धकाळात वीजव्यवसाय सरकारी नियंत्रणाखाली गेला, तेव्हा उरलेला रेल्वेचा व्याप सांभाळण्यासाठी ही नवी कंपनी निघाली. क्योतोमध्ये तिच्याकडे आराशियामाला जाणारी, पर्यटकांनी गजबजलेली ट्राम होती. फुकुईकडे मात्र मोटारी वाढल्या, गावे रोडावली आणि प्रवासी घटत गेले. १९७४ मध्ये काट्सुयामाच्या पुढचा मार्ग बंद झाला. १९९० च्या दशकात कंपनीने उरलेल्या मार्गांपैकी काही भाग बंद करून तेथे बस चालवण्याची इच्छा व्यक्त केली. स्थानिक संस्थांनी अनुदान देऊन तो निर्णय लांबणीवर टाकला. गाड्या धावत राहिल्या, पण डबे आणि यंत्रणा जुन्याच राहिल्या.

या दुर्लक्षाची किंमत अवघ्या सहा महिन्यांत दोनदा मोजावी लागली. १७ डिसेंबर २००० रोजी एइहेइजी या प्रसिद्ध झेन मठाकडून उतारावरून येणाऱ्या गाडीच्या ब्रेकचा जीर्ण झालेला दांडा तुटला. गाडी न थांबता मुख्य मार्गावर शिरली आणि समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. चालक मृत्युमुखी पडला, अनेक प्रवासी जखमी झाले. त्यानंतर २४ जून २००१ रोजी थांबण्याचा सिग्नल असतानाही एक गाडी पुढे निघाली आणि एकेरी मार्गावर पुन्हा समोरासमोर टक्कर झाली. सिग्नल ओलांडताच गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा त्या मार्गावर नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून फुकुईतील केइफुकुची संपूर्ण रेल्वेसेवा थांबवण्यात आली. सरकारने सुरक्षा सुधारण्याचा आदेश दिला. तो पाळण्याइतका पैसा या तोट्यातील मार्गांवर घालणे कंपनीला परवडणारे नव्हते. ऑक्टोबर २००१ मध्ये तिने रेल्वे कायमची बंद करण्याची सूचना सरकारला दिली. मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यामुळे त्यासाठी सरकारच्या परवानगीची गरजही उरली नव्हती. एक वर्ष आधी कळवणे पुरेसे होते.

रेल्वेच्या जागी बस सुरू करण्यात आल्या. कागदावर पाहता प्रश्न सुटला होता. प्रवासी थोडे असतील तर त्यांना बसमध्ये बसवावे, हा हिशेब वरकरणी बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात तो पहिल्याच हिवाळ्यात कोलमडला. बस रेल्वेपेक्षा मुळातच सावकाश जात होती. त्यात बर्फ पडले की ती वाहतूक कोंडीत अडकून पडे. विद्यार्थी शाळेत वेळेवर पोहोचेनात. ज्यांच्या घरी मोटार होती त्यांनी बसचा नाद सोडला. आईवडील मुलांना मोटारीने सोडू-आणू लागले. त्यामुळे रस्त्यांवरील गर्दी वाढली आणि त्या गर्दीत बस आणखी रखडल्या. वृद्धांनी दवाखान्याच्या आणि बाजाराच्या फेऱ्या कमी केल्या. दर कुटुंबामागे मोटारींची संख्या जपानमध्ये सर्वाधिक असलेल्या प्रांतांत फुकुईची गणना होते. आपण रेल्वेवर अवलंबून नाही, अशीच तेथील अनेकांची समजूत होती. रेल्वेत कधीही न बसणाऱ्या मोटारचालकालाही तिचा उपयोग होत होता, हे ती बंद पडल्यावरच उमगले. या दोन वर्षांना जपानी अभ्यासकांनी पुढे 'उलटा सामाजिक प्रयोग' म्हटले.

या अनुभवाने राजकीय निर्णयाची दिशा बदलली. प्रांत, गावे आणि खासगी भागधारक यांच्या भागीदारीतून सप्टेंबर २००२ मध्ये 'एचिझेन रेल्वे' ही नवी कंपनी उभी राहिली. केइफुकुचे मार्ग तिने आपल्याकडे घेतले आणि जुलै ते ऑक्टोबर २००३ या काळात ते टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केले. यातील खर्चाची वाटणी महत्त्वाची आहे. रूळ, पूल, सिग्नल यांसारख्या भांडवली कामांचा भार प्रांताने उचलला. चालवण्यातील तूट मार्गालगतच्या नगरपालिकांनी भरून काढायची ठरले. म्हणजेच लोहमार्ग हा रस्त्यासारखाच सार्वजनिक मालमत्तेचा भाग मानला गेला. रस्त्याने नफा मिळवावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही, मग ती रेल्वेकडून का करावी, हा त्यामागील विचार होता.

नव्या कंपनीने तिकिटाचे दर पूर्वीपेक्षा कमी ठेवले आणि स्थानकांजवळ मोटारी ठेवण्याची सोय केली. दिवसाच्या गाड्यांत महिला मदतनीस नेमल्या; त्या तिकिटे देतात, वृद्धांना चढण्या-उतरण्यास हात देतात आणि पर्यटकांना माहिती सांगतात. काही वर्षांतच वार्षिक प्रवासीसंख्या ३० लाखांच्या पुढे गेली. मार्च २०१६ पासून शहरातील दुसऱ्या कंपनीच्या, फुकुई रेल्वेच्या, मार्गावरही या गाड्या थेट धावू लागल्या.

अर्थात, ही केवळ यशाची कथा नाही. एइहेइजी मठाकडे जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा फाटा ऑक्टोबर २००२ मध्ये कायमचा बंद झाला आणि तेथे आज बसच जाते. प्रत्येक मार्ग वाचवलाच पाहिजे, असे फुकुईनेही ठरवले नव्हते. शिवाय एचिझेन रेल्वे अनुदानावर चालते आणि लोकसंख्या घटत असताना ते अनुदान सोसणारे करदातेही कमी होत जाणार आहेत. ज्यांना रेल्वे बंद व्हावी असे वाटते, त्यांचा हा मुद्दा हलक्याने घेता येणारा नाही.

परंतु या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. रेल्वे गेली तरी बस मिळेल, हे ते गृहीतक. आज जपानमध्ये तेच डळमळीत झाले आहे. एप्रिल २०२४ पासून बसचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आणि चालकांची आधीच जाणवणारी टंचाई तीव्र झाली. त्यापूर्वीच, डिसेंबर २०२३ मध्ये, ओसाका प्रांतातील 'कोंगो' या कंपनीने आपली संपूर्ण बससेवा बंद केली. ओसाकासारख्या महानगराच्या परिघातील कंपनीला चालक मिळत नसतील, तर डोंगराळ भागात रेल्वेऐवजी बस चालवायला कोण पुढे येणार?

दरम्यान रेल्वेसमोरील संकट लहान कंपन्यांपुरते राहिलेले नाही. पश्चिम जपानमधील जेआर कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये १७ मार्गांवरील तोट्यातील ३० टप्प्यांचे जमाखर्च जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या सुधारित कायद्याने रेल्वे कंपनी व स्थानिक संस्था यांच्या चर्चेत केंद्र सरकारला मध्यस्थाची भूमिका दिली. हिरोशिमा आणि ओकायामा प्रांतांतील गेइबी मार्गासाठी अशी पहिली परिषद मार्च २०२४ मध्ये भरली. तेथे कंपनी जमाखर्चाचे आकडे पुढे ठेवते, तर गावे आपल्या गरजा मांडतात. मात्र रेल्वे गेल्यावर रस्त्यांवर किती भार पडेल, किती मुलांची शाळा अवघड होईल, किती वृद्ध घरात अडकतील, यांची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात होत नाही.

फुकुईला ही नोंद करता आली, कारण तेथे रेल्वे अचानक बंद पडली आणि तिचा अभाव सर्वांना एकाच वेळी जाणवला. इतरत्र असे घडत नाही. तेथे गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात, स्थानके ओस पडतात आणि मार्ग बंद होतो तेव्हा तक्रार करायलाही फारसे कोणी उरलेले नसते. म्हणूनच बंद करण्याचा निर्णय घेण्यापूर्वीच हा दुसरा हिशेब मांडला जायला हवा. फुकुईला तो शिकण्यासाठी दोन अपघात आणि दोन वर्षांची गैरसोय सोसावी लागली. गेइबी मार्गाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्यांसमोर तो अनुभव तयार आहे. त्याचा उपयोग केला जातो की नाही, हे त्या परिषदेच्या निर्णयातून दिसेल.