पाहुण्यांसाठी भाजलेल्या भाज्या

नवा पदार्थ पाहुण्यांवर करून बघू नये, आधी घरच्यांवर करावा, असे माझी आई सांगत असे. मागच्या महिन्यात मी तिचे अर्धेच ऐकले, त्याची ही हकिकत.

आत्या आणि आतोबा तीन वर्षांनी आमच्याकडे जेवायला येणार होते. यावल तालुक्यातले आजोबांचे घर विकले, तेव्हापासून बाबांचे आणि आत्याचे काहीतरी बिनसले होते. पैशांवरून म्हणावे, तर आत्याने कुठलीही कुरकुर न करता सह्या केल्या होत्या. तरी त्यानंतर दिवाळीचा फोन तेवढा उरला. बाबा हल्ली नागपूरला माझ्या भावाकडे असतात. आतोबांना तपासणीसाठी पुण्यात आणले आहे असे कळले, तेव्हा मीच फोन करून रविवारी या म्हणून गळ घातली.

या म्हटले खरे, पण करायचे काय? आमच्याकडे पाहुणे म्हणजे पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि कढईतून थेट पानात येणारी भजी. आतोबांची अँजिओप्लास्टी झालेली, तळलेले पूर्ण बंद. आणि उकडलेल्या भाज्या वाढाव्यात, तर माणसाला दवाखान्यातच जेवल्यासारखे वाटायचे. एका मैत्रिणीकडे ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. फ्लॉवरच्या कडा खरपूस झालेल्या, गाजर गोड लागत होते, आणि एवढ्या सगळ्याला तेल जेमतेम तीन चमचे. तेच करायचे ठरवले.

बुधवारी घरच्यांवर पहिला प्रयोग केला. फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची, लाल भोपळा आणि बटाटे मिळून दीड किलो भाजी एकाच ट्रेमध्ये खच्चून भरली, वर भरपूर मीठ भुरभुरले. पाऊण तासाने जे बाहेर आले त्याला भाजलेले म्हणणे धाडसाचे होते. ट्रेच्या तळाशी पाणी, बटाटे कच्चे, भोपळ्याचा लगदा. धाकट्याने विचारले, "आई, हे सूप आहे का?"

चूक कुठे झाली ते शोधायला मी पुस्तके काढून बसले. भाजीत पाणीच जास्त असते. तुकडे एकमेकांना चिकटून असले की ती वाफ निसटत नाही, भाजी तिच्या स्वतःच्याच वाफेवर शिजते. वरून मीठ घातले की पाणी आणखी सुटते. भाजीचा पृष्ठभाग कोरडा होऊन चांगला तापला, तरच तो खरपूस तांबूस रंग आणि वास येतो. लुई कामिय मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या तांबूसपणामागच्या रासायनिक क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचेच नाव आहे. आपल्या भाकरीवर पडणारे डाग, भाजलेले शेंगदाणे, सगळी त्याच क्रियेची करणी.

शुक्रवारी पुन्हा केले, आणि जमले. कसे ते सांगते. पाच-सहा माणसांना एक किलो भाजी पुरते, पण ती दोन ट्रेमध्ये, एकावर एक न चढवता पसरायची. धुतलेली भाजी फडक्याने कोरडी करायची. बटाटे आधी अर्धवट उकडून घ्यायचे, गाजराचे तुकडे फ्लॉवरच्या तुऱ्यांपेक्षा लहान ठेवायचे. तेल हाताने चोळायचे. ओव्हन २०० अंशांवर पंधरा मिनिटे आधी तापवायचा, भाजी तीस-पस्तीस मिनिटे ठेवायची, मध्ये एकदा उलटायची. ढोबळी मिरची आणि ठेचलेला लसूण शेवटच्या दहा मिनिटांत घालायचा. लसूण आधी घातला तर करपून कडू होतो. मीठ, लिंबू, भाजलेले तीळ आणि दाण्याचे जाडसर कूट बाहेर काढल्यावर. ओव्हन नसेल तर लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर, थोडी थोडी, झाकण न ठेवता करा. वेळ लागतो, पण चव तीच. एअर फ्रायरमध्येही होते, पण पाहुणे चार असतील तर त्याचे पिटुकले भांडे किती वेळा भरणार?

रविवारी इथेच थांबले असते तर बरे होते. पण ऐन वेळी वाटले, आत्या खान्देशातली, भाजीत वांगे नको का? बाजारात नेमकी भरताची हिरवी, लांबट वांगी मिळाली होती. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तीन आणली आणि त्यातले एक तसेच अख्खे ट्रेमध्ये ठेवून दिले.

आत्या-आतोबा आले, पाणी झाले, तब्येतीचे बोलणे झाले, आणि मग कोणालाच काही सुचेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून 'फट्' असा आवाज आला. मी धावले. वांगे फुटून ओव्हनच्या चारही भिंतींना चिकटले होते. आत्या मागोमाग आली. तिने आत डोकावून पाहिले.

"टोचलं नव्हतंस?"

"नाही गं."

"सालीच्या आत वाफ कोंडते. माहेरी काय शिकलीस?" असे म्हणत तिने पदर खोचला. उरलेली दोन वांगी टोचून गॅसवर ठेवली, मिरच्या-लसूण परतायला घेतले. "कपाशीच्या काट्यांवर भाजायला हवीत. पण इथे तू काट्या कुठून आणणार?" मग ठेचायला काहीतरी मागितले. मी स्टीलचा खलबत्ता पुढे केला. तिने तो हातात धरून पाहिला.

"आईची बडगी होती ना घरी. तिचं काय झालं?"

ती लाकडी बडगी मला चांगली आठवत होती. घर रिकामे करताना मीच ती शेजारच्यांना सरपणाला दिली होती. खोटे बोलता आले असते. बाबांवर ढकलताही आले असते.

"मी देऊन टाकली, आत्या. तडकलेली होती."

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मिरच्या ठेचत राहिली. मग म्हणाली, "तडकलेलीच होती ती. माझ्या लग्नाच्याही आधीपासून. मला एकदा विचारायचं होतंस. दोन दिवसांत घर रिकामं केलंत, मला कोणी बोलावलंदेखील नाही."

पैशांचा विषय निघालाच नाही. तो कधी नव्हताच बहुधा.

जेवताना आतोबांनी फ्लॉवर दोनदा मागून घेतला. आत्याने भाज्यांत मीठ कमी असल्याचे सांगितले, आणि निघताना किती अंश, किती मिनिटे ते कागदावर लिहून घेतले. भरीत मात्र वाटीत थोडेही उरले नाही.

रात्री बाबांना फोन करून सगळे सांगितले, बडगीचेही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भरीत ठेचलं कशात?"

"स्टीलच्या खलबत्त्यात."

"मग तिला आवडलं नसेल," बाबा म्हणाले. "ती पुण्यात अजून किती दिवस आहे?"