थर गोविंदांचे, श्रेय पुढाऱ्यांचे
२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीला वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये हा प्रश्न विधिमंडळाचा ठरवून त्याच न्यायालयाने ती सोडून दिली. २०२२ मध्ये शासनाने हंडीला साहसी खेळ म्हटले आणि गोविंदाच्या मृत्यूची किंमत दहा लाख रुपये ठरवली. ती भरणार सरकारी तिजोरी, म्हणजे जनता! लाखांची बक्षिसे लावून स्वतःचे फलक झळकवणारा पुढारी नामानिराळा.

बीडच्या ऊसतोड मजुराला हा डाव नवा नाही. तेथे मुकादमाला पुढे करून कारखाना हात झटकतो. येथे पथकाला पुढे केले जाते. अमेरिकेत मेंदूला इजा झालेले माजी फुटबॉलपटू हजारोंनी न्यायालयात गेले, तेव्हा २०१३ मध्ये लीगला ७६.५ कोटी डॉलर मोजण्याचे कबूल करावे लागले.

उत्सव बंद करण्याचा प्रश्नच नाही. जो थरांवर बक्षीस लावतो, त्याच्यावरच कायद्याने जबाबदारी टाका. थर आपोआप उतरतील.