किंमत सांगणाऱ्याची मजुरी

बोरमाळ तारण ठेवायला आली की बँकेच्या सराफाची खरी परीक्षा लागते. मणी वरून सोन्याचे, आत लाख. काट्यावर वजन येते ते दोन्हींचे मिळून. मणी फोडून बघता येत नाहीत, म्हणून लाखेची घट अंदाजाने धरायची. कुणी ती कमी धरतो, कुणी हात राखून जास्त. मग कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढायची, तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ कितपत टिकते ते पाहून कस सांगायचा. ही रेघ दागिन्याच्या वरच्या थराची असते. कॅरेट दाखवणारे यंत्रही वरचाच थर वाचते. जाड मुलाम्याच्या पाटल्या बँकेत खपून जातात त्या याच फटीतून.

ही नजर दुकानाच्या गादीवर वर्षानुवर्षे बसून येते, काही दिवसांच्या वर्गात येत नाही, असे जुने सराफ सांगतात. त्यात तथ्य आहे. माझा आक्षेप नजरेवर नाही, मजुरीवर आहे. अनेक बँका आणि पतसंस्थांमध्ये पॅनेलवरच्या मूल्यांककाला पगार नसतो. त्याला मिळते ती कर्जाच्या रकमेवरची टक्केवारी, आणि तीही कर्जदाराच्या खिशातून. किंमत जास्त सांगितली की कर्ज जास्त, कर्ज जास्त की फी जास्त. हात आखडता घेणे हे ज्याचे काम, त्यालाच हात सैल सोडण्याची बक्षिसी! दागिना खोटा निघाला की मात्र फिर्यादीत पहिले नाव त्याचे. शाखेचे उद्दिष्ट पुरे करण्यासाठी त्याला घाई करणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात.

ही खोड सरकारनेच लावली असेही म्हणता येईल. संपत्तीकर कायद्याखाली दागिन्यांचे नोंदणीकृत मूल्यांकक असत आणि त्यांच्या फीचे कमाल दर नियमातच मालमत्तेच्या किमतीच्या टक्केवारीत बांधून दिलेले होते. २०१५च्या अर्थसंकल्पात तो कर गेला. पुढे २०१७ साली कंपनी कायद्याखाली नवे नियम आले: ५० तासांचे शिक्षण, परीक्षा, आचारसंहिता. या आचारसंहितेत काम ‘यशस्वी’ झाल्याबद्दल जादा फी घेण्यास आणि गिऱ्हाइकाच्या सोयीची किंमत काढून देण्यास चक्क मनाई आहे. पण वर्ग तीनच: जमीन व इमारती, यंत्रसामग्री, रोखे व वित्तीय मालमत्ता. कारखान्यातल्या लेथची किंमत काढणाऱ्याला परीक्षा आहे, बोरमाळेची काढणाऱ्याला नाही.

अमेरिकेतही दागिन्यांसारख्या जंगम मालमत्तेच्या मूल्यांककाला सरकारी परवाना लागत नाही. तिथे बरेचसे व्यावसायिक संस्थांच्या शिस्तीवर चालते. तरीही तिथली मूल्यांकनाची प्रमाण मानके एका बाबतीत ठाम आहेत: फी निघणाऱ्या किमतीवर अवलंबून ठेवायची नाही. दान दिलेल्या वस्तूवर करसवलत मागताना टक्केवारीवर काढून घेतलेले मूल्यांकन तिथले करखातेही साधारणपणे मानत नाही.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सोनेतारणाचे नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६पर्यंत अमलात आणायचे होते. कस कर्जदाराच्या समोरच लावायचा, ढोबळ वजन, निव्वळ वजन, घट आणि शुद्धता लिहिलेला दाखला त्याच्या हाती द्यायचा, किंमत सोन्याचीच धरायची, खड्यांची नाही. हे उत्तम झाले. बोरमाळेची घट आता निदान कागदावर दिसेल आणि तिच्यावर वाद तरी घालता येईल. पण फीचा प्रश्न अजून सुटायचा आहे. माझ्या मते फी दागिन्यामागे ठरावीक असावी, ती बँकेने भरावी, आणि थकलेल्या कर्जांच्या लिलावात सोने विकत घेणाऱ्या सराफाला त्याच शाखेच्या पॅनेलवर ठेवू नये.

शिवाय हे निर्देश बँका आणि वित्त कंपन्यांपुरते आहेत. गल्लीतली पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, आणि गावाकडचे कितीतरी दागिने तिच्याच तिजोरीत असतात. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तासभर भांडण होते. यंदा त्या भांडणाआधी अध्यक्षांना एवढे विचारा: आपला मूल्यांकक कोण, त्याला पैसे कोण देते आणि कशाच्या हिशेबाने?