भांड्यांवर नाव कोणाचं?



शेवगाव तालुक्यातल्या एका मैत्रिणीला सासरच्यांनी घराबाहेर काढलं. महिन्याभरानं तिचं सामान आणायला आम्ही दोघी कार्यकर्त्या तिच्याबरोबर गेलो. दागिन्यांचा विषय कोणी काढूच दिला नाही. भांडी मागितली तेव्हा सासूबाईंनी मांडणीवरची कळशी उतरवून आमच्यापुढे धरली. "वाचा की बाई, नाव कुणाचं हाय ते."

कळशीवर नवऱ्याचं नाव होतं, ताटांवर सासऱ्यांचं. कळशी तिच्या आईनं लग्नात दिलेली. ताटं तिनं ऊसतोडीच्या पैशातून घेतलेली; जुनी पितळी ताटं मोडीत घालून, वर पैसे भरून. पण दुकानात नवरा गेला होता. कोणाचं नाव घालायचं, हे त्यानंच सांगितलं.

पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला तोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, खोपीवर येऊन भाकरीही थापायची ती बाईनं. उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते. मग त्या पैशातून आलेल्या ताटावर तिचं नाव कसं येणार?

स्वयंपाकघर हे बाईचं राज्य, असं आपल्याला सांगितलं जातं. भांडं आपणच निवडतो. वजन पाहतो, बूड वाजवून बघतो, जुन्या साड्या देऊन बोहारणीशी एका डब्यासाठी तासभर घासाघीस करतो. पण एका बैठकीत मी विचारलं, "घरात तुमचं स्वतःचं ताट कोणतं?" बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एक म्हणाली, "उरंल ते." दुसरी म्हणाली, "मी पातेल्यातच कालवून घेते." नवीन ताटं आली की पोचे पडलेलं जुनं ताट आपल्या वाट्याला येतं, आणि यात काही चुकतंय असं आपल्यालाही वाटत नाही.

कायदा काय म्हणतो? लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला मिळालेल्या भेटी हे तिचं स्त्रीधन. ते सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. भांड्यावर दुसऱ्याचं नाव कोरल्यानंही तिचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या, 1956, कलम 14 प्रमाणे स्वतःच्या कष्टानं मिळवलेल्या मालमत्तेचीही बाई पूर्ण मालकीण असते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तर कोणत्याही धर्माच्या बाईला संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, आणि न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत करण्याचा आदेश देऊ शकतात.

पण आदेश मागायचा तर काय दिलं होतं, ते दाखवावं लागतं. आपल्याकडे अडतं ते इथेच. लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असा हुंडाबंदी कायद्याखालचा 1985 चा नियम आहे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव व नातं, आणि दोन्हीकडच्या सह्या किंवा अंगठे. ही यादी किती लग्नांत होते? यादी म्हणजे हुंड्याला परवानगी नव्हे. हुंड्याला आपला विरोध आहेच. पण मायेनं दिलेलं तरी मुलीचं राहावं.

म्हणून काही साध्या गोष्टी करू या. मुलीला भांडं द्याल, तर त्यावर तिचंच नाव घाला. रुखवताचा फोटो जपून ठेवा. मोड घालायला स्वतः जा, पावती स्वतःच्या नावानं घ्या, आणि ती माहेरी किंवा बचत गटाच्या पेटीत ठेवा. आणि घरात एक चांगलं ताट आपलं म्हणून ठेवा, त्यात सगळ्यांबरोबर बसून जेवा.

त्या मैत्रिणीचा अर्ज आम्ही दाखल केला आहे. आईच्या आठवणीतून यादी केली. रुखवताच्या एका फोटोत कळशी स्पष्ट दिसते. निकाल यायचा आहे. त्या रात्री घरी आल्यावर मी माझ्या मांडणीवरची ताटं उलटसुलट करून पाहिली. गावोगाव कायदा सांगत फिरणाऱ्या माझ्याही एकाही ताटावर माझं नाव नव्हतं. तुमच्या घरी काय आहे, ते पाहून आम्हाला जरूर कळवा.